पियानो-समितीचा एकुलता एक सभासद

माझी बायको रिनाटा नौदलात दातांची डॉक्टर आहे. तिची बदली जपानच्या ओकिनावा बेटावर झाली, तिच्यामागून सामान आलं आणि सामानामागून मी. ओहायोत बावीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली. इथे तळावर आल्या दिवसापासून मी 'कमांडर होस्टेटलरांचे ते' आहे. घरी फोन येतो. "बाई आहेत का?" नाहीत म्हटलं की, "म्हणजे घरी कोणीच नाही वाटतं," असं मलाच सांगून पलीकडचा माणूस फोन ठेवतो.

रिनाटा म्हणाली, "अरे, पत्नी-मंडळात जात जा. चार माणसं भेटतील."

चार माणसं भेटली नाहीत. एक्केचाळीस बायका भेटल्या. मंडळाचं नाव दोन वर्षांपूर्वी समानतेसाठी 'जोडीदार मंडळ' असं बदललंय, पण ते फक्त पावतीपुस्तकावर. फॉर्मवर अजून 'पतीचा हुद्दा' असाच रकाना आहे. मी तिथे 'पती मीच' असं लिहिलं, तर सचिवबाईंनी फॉर्म परत करून सांगितलं, "विनोद नको, नीट भरा."

मंडळ जुन्या वस्तूंचं दुकान चालवतं. बदली होऊन जाणारे लोक सामानाचं वजन कमी करायला नको त्या वस्तू आमच्या दाराशी ठेवून जातात. आमच्याकडे बर्फ उपसायची नऊ फावडी आहेत. बारमाही उकाड्याच्या ओकिनावात. या दुकानातून जे उत्पन्न होतं त्यातून मंडळ आसपासच्या गावांत चांगली कामं करतं. चांगलं काम सुचायला आमच्या सभेत एक मिनिट पुरतं. सँडविचमध्ये काकडी असावी की नसावी यावर मात्र पाऊण तास जातो.

मार्चच्या सभेत काकडी संपता संपता अध्यक्षा स्टबलफिल्डबाई उठल्या. यांचे यजमान रुग्णालयाचे प्रमुख, म्हणजे रिनाटाचे साहेब. त्यामुळे स्टबलफिल्डबाईंना 'नाही' म्हणण्याची सोय माझ्या संसारात नाही. त्या म्हणाल्या, "धर्मगुरूंचं कुटुंब जाताना पियानो ठेवून गेलंय. टेकडीखालच्या गावात वृद्धाश्रम आहे. म्हातारी माणसं, एकटी, संगीताला आसुसलेली. कसं वाटतं?"

चाळीस बायकांना भरून आलं. मला फक्त वजन दिसलं.

"आणि हे काम," बाईंची नजर टेबलांवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन बसली, "आपल्या लाइलकडे. शेवटी पुरुषमाणूस आहे."

टाळ्या झाल्या. पियानो-समिती स्थापन झाली. सभासद एक.

खरं सांगतो, चिडलो तरी आतून थोडा फुललोही. दीड वर्षात पहिल्यांदाच कोणीतरी मला माझ्या नावाने काम दिलं होतं. घरी येऊन मी वहीत आकृती काढली: पियानो, दार, उतार, कोन. शेजारचा ओडेल कुंपणावरून वाकून बघत होता. हा ट्रकदुरुस्तीतला माणूस, आणि जगात असं एकही काम नाही जे त्याच्या मेव्हण्याने चुकीचं केलेलं नाही.

"पियानो?" तो म्हणाला. "माझ्या मेव्हण्याने डॅलसमध्ये पियानो हलवला होता."

"मग?"

"मग काय मग. कंबर गेली, बायको गेली, पियानो तेवढा तिथेच आहे. एक लक्षात ठेव, लाइल. पियानो उचलायचा नसतो. पटवायचा असतो."

पण पियानो उचलणं ही सगळ्यात सोपी गोष्ट होती, हे ओडेलला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. तळावरची बिनजकातीची वस्तू फाटकाबाहेर कोणाला द्यायची तर परवाना लागतो. परवान्याच्या कचेरीत पर्डम नावाचे गृहस्थ बसतात. चेहरा असा की यांच्या लग्नातसुद्धा यांनी दोन प्रतींत होकार दिला असावा. त्यांनी एकेक रकाना मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"वस्तू?"

"पियानो. उभा."

"रंग?"

"तपकिरी."

"वस्तूत कोणत्याही प्राण्याचा कोणताही भाग आहे काय?"

इथे 'नाही' म्हणून मोकळं व्हायचं. पण बावीस वर्षं ज्याने मुलांना 'सिद्ध केल्याशिवाय लिहू नका' म्हणून सांगितलं, त्याच्या तोंडून सरळ उत्तर कुठलं निघायला! मी म्हणालो, "जुना आहे. जुन्या पियानोंच्या पट्ट्यांना म्हणे हस्तिदंत असायचं. सांगता येत नाही."

पर्डमनी पेन खाली ठेवलं. "हत्ती," ते म्हणाले.

"हत्ती नाही हो. असलाच तर दात."

"दात हत्तीचा. हत्ती हा प्राणी. प्राण्यांच्या बाबतीत पशुवैद्याचा दाखला लागतो." आणि फॉर्म माझ्याकडे सरकवून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

पशुवैद्याच्या दवाखान्यात मांजरं, कुत्री आणि त्यांचे आईबाप यांच्यात मी एकटा रिकाम्या हाताने बसलो होतो. नोंदणीच्या खिडकीतल्या बाई मान वर न करता लिहीत होत्या.

"रुग्णाचं नाव?"

"पियानो."

"अय्या, किती गोड! वय?"

"साठेक वर्षं."

"कासव का?"

"नाही. वाद्य."

"वजन?"

"दोनशे तीस किलो."

तेव्हा त्यांनी मान वर केली. त्यानंतर पाच मिनिटांत दवाखान्यातला सगळा नोकरवर्ग काही ना काही निमित्ताने मला पाहून गेला. पशुवैद्य ॲबरनॅथी मात्र समंजस निघाले. म्हणाले, "पट्टीवरचा एक पांढरा तुकडा काढून आणा. तापलेली सुई टोचून बघू. प्लास्टिक असेल तर वितळेल, हस्तिदंत असेल तर नाही. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम! हे तीन शब्द कोणीही उच्चारले की मी हल्ली उठून खोलीबाहेर जातो.

दुसऱ्या दिवशी मी लोण्याच्या सुरीने अगदी डावीकडच्या, कोणी कधी न वाजवणाऱ्या पट्टीवरचा तुकडा अलगद सोडवला, रुमालात गुंडाळला आणि दवाखान्यात जाऊन बसलो. समोर स्टबलफिल्डबाई होत्या. शेजारी त्यांचा बीगल जातीचा कुत्रा, नाव ॲडमिरल, नखं कापायला आलेला.

"लाइल, तू इथे? काय आणलंयस रुमालात? बघू, बघू!"

मी रुमाल उलगडला. ॲडमिरलनेही बघितलं. फरक इतकाच की बाई डोळ्यांनी बघतात आणि ॲडमिरल तोंडाने.

"त्याने गिळला!" मी ओरडलो.

"माझ्या बाळाला काय खायला घातलंस तू?" बाई माझ्या दुप्पट ओरडल्या.

ॲबरनॅथींनी एक्स-रे काढला. ॲडमिरलच्या पोटात पियानोची पट्टी स्वच्छ दिसत होती, आडवी, आरामात. "काळजी नको, सहज बाहेर येईल," ते म्हणाले. "मात्र दाखल्यासाठी तो तुकडा लागेल."

"कोणी आणायचा?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"तुकडा तुझा आहे, लाइल."

पुढच्या दोन दिवसांविषयी मी बोलू इच्छित नाही. तरी सांगतो. सकाळ-संध्याकाळ अधिकाऱ्यांच्या वसाहतीतून पुढे ॲडमिरल आणि मागे मी, एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात पिठाची चाळणी. ॲडमिरल थांबला की मी थांबायचो. माणसं गाड्या हळू करून बघायची. ओडेल खुर्ची टाकून अंगणातच बसला होता. "काय रे, काही निकाल?" असं तो दर फेरीला विचारी. रस्त्यात रिनाटाच्या खात्यातले दोन लेफ्टनंट भेटले. मी कमांडरबाईंचा नवरा, त्यामुळे त्यांना सलाम करावासा वाटला असावा. पण चाळणीला सलाम करावा की नाही याचा नियम त्यांना आठवेना. शेवटी दोघांनी समुद्राकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल लागला. ॲबरनॅथींनी सुई टोचली, तुकडा वितळला. त्यांनी दिलेला दाखला मी अजून जपून ठेवलाय: "सदर तुकडा ॲडमिरल, बीगल, वय सहा, यांच्या पोटातून छत्तीस तासांनी जसाच्या तसा बाहेर आला. तो प्लास्टिकचा असून कोणत्याही प्राण्याचा भाग नाही. मध्यंतरी तो एका प्राण्याच्या आत होता, परंतु त्याने फरक पडत नाही."

शेवटचं वाक्य पर्डमना फार वेळ खटकलं. त्यांनी ते तीनदा वाचलं, मग खिन्नपणे शिक्का मारला.

आता त्या पट्टीचं बोडकं लाकूड राहिलं होतं. वितळलेला आणि शिवाय इतका प्रवास केलेला तुकडा पुन्हा बसवायला कोणी तयार नव्हतं. शेवटी रिनाटा रविवारी दुकानात आली. ती पियानोसमोर बसली, सवयीने झाकण उघडताना "आ करा" म्हणाली, आणि दाताला बसवतात तशी टोपी तिने त्या पट्टीला बसवून दिली. तासाभराने मागे सरून बघत म्हणाली, "बाकीच्या सगळ्यांपेक्षा चांगली झालीय. पण लाइल, पुढच्या वेळी कुठलीही समिती मिळाली तर आधी मला विचार."

"तुझ्या साहेबांची बायको आहे ती."

"माहितीय रे. म्हणून तर रविवारी आले."

अर्पणसोहळा शुक्रवारचा ठरला. गावचे महापौर येणार होते. गुरुवारी दुपारी मी दोऱ्या घेऊन दुकानात गेलो आणि दारातच थांबलो. पियानो पांढरा झाला होता. त्यावर जास्वंदीची लाल फुलं काढलेली होती आणि सजावट-समितीच्या सात जणी ब्रश धुवत उभ्या होत्या.

"सरप्राइझ!" स्टबलफिल्डबाई म्हणाल्या. "किती मरगळलेला दिसत होता बिचारा. आवडला ना?"

बायकांच्या सात उत्सुक चेहऱ्यांसमोर माणूस काय बोलणार? मी म्हणालो, "फुलं छान आहेत." खिशातल्या परवान्यावर 'तपकिरी' लिहिलंय हे मला रात्री जेवताना आठवलं, तेव्हा पर्डम घरी गेले होते आणि माझी भूकही गेली.

शुक्रवारी सकाळी आमची गाडी फाटकाशी पोचली. गावाकडून आलेल्या ट्रकला आत यायची परवानगी नव्हती, मंडळाच्या गाडीला बाहेर जायची नव्हती. म्हणून पियानो फाटकाच्या ऐन रेषेवर उतरवला. पहाऱ्यावरच्या सार्जंटने परवाना वाचला. मग पियानो बघितला. मग पुन्हा परवाना.

"तपकिरी," तो म्हणाला.

"आत तपकिरीच आहे. वरून रंगवलाय."

"माझ्यासमोर पांढरा पियानो आहे, साहेब. तपकिरी पियानोला परवानगी आहे. तो आणा."

"तो हाच!"

"तसं सगळेच म्हणतात."

सगळेच म्हणजे कोण? याच्या फाटकातून रोज किती पियानो पळवतात लोक? पण भांडायला वेळ नव्हता. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. समुद्रावरून काळा ढग उठला आणि बघता बघता सर आली. बाराजणी छत्र्या घेऊन पियानोभोवती उभ्या राहिल्या. माझ्या डोक्यावर कोणीच छत्री धरली नाही. स्टबलफिल्डबाईंनी सार्जंटला त्यांचे यजमान कोण आहेत ते सांगितलं. त्याने अदबीने ऐकलं आणि विचारलं, "त्यांचा पियानो कुठल्या रंगाचा आहे, बाई?"

शेवटी मीच खिशातून घराची किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर एका जास्वंदीच्या मधोमध खसकन ओरखडा ओढला. सजावट-समितीतून हुंदका आला. आतून तपकिरी लाकूड दिसलं. सार्जंटने वाकून, बोट फिरवून खात्री केली आणि म्हणाला, "तपकिरी. जा."

वृद्धाश्रमाच्या दारात सगळे आजी-आजोबा रांगेत उभे होते. आम्ही वेळेपेक्षा पन्नास मिनिटं उशिरा पोचलो. कोणी हललेलं नव्हतं. संचालिका गुशिकेनबाई कमरेत वाकून नमस्कार करत होत्या. तरुणपणी तळावरच्या ग्रंथालयात काम केल्याने त्यांना आमची भाषा सुरेख येते. महापौरांनी फीत कापली. स्टबलफिल्डबाईंनी भाषण केलं. "संगीताला सीमा नसते," असं त्या अगदी मनापासून म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले, आणि तळलेल्या गोड गोळ्यांची ताटं फिरली.

माझ्या हाताला पांढरा रंग लागला होता. हात धुवायची जागा शोधत मी बोळातून गेलो आणि एक चुकीचं दार उघडलं.

आत तीन पियानो होते.

एक काळा, दोन तपकिरी. तिघांवर स्वच्छ पांढऱ्या कापडाच्या झालरी. तिघांवर पितळेच्या पाट्या: 'तळावरच्या पत्नी-मंडळाकडून, प्रेमपूर्वक.' तीन वेगवेगळी सालं, तीन वेगवेगळ्या अध्यक्षा. एकावर रताळी वाळत होती. दुसऱ्यावर लांब दांड्याच्या लाकडी हातोड्या नीट मांडून ठेवल्या होत्या.

पाठीमागे पावलं वाजली. गुशिकेनबाई होत्या. त्यांचा चेहरा असा झाला जणू मी नाही, त्याच माझ्या घरात चोरून शिरल्या होत्या.

"हे..." मी म्हणालो.

"पहिला आला तेव्हा आम्हाला फार आनंद झाला," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरा आला तेव्हा वाटलं, पहिला विसरल्या असतील. तिसरा आला तेव्हा वाटलं, ही तुमच्याकडची रीत असेल."

"इथे वाजवतं कोण?"

"कोणी नाही."

"अहो, मग नको का नाही म्हणालात?"

"कसं म्हणणार? प्रत्येक वेळी इतक्या घामाघूम होऊन येता तुम्ही लोक." त्यांनी माझ्या ओल्या सदऱ्याकडे, रंगलेल्या हातांकडे पाहिलं. "या वेळी तर फारच."

मी रताळ्यांशेजारच्या स्टुलावर बसलो. परवाना, चाळणी, सुई, शिक्का, सर. सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पत्नी-मंडळातली बाई दोन-तीन वर्षांत बदलून जाते, आणि जाताना आठवण बरोबर घेऊन जाते. पियानो मात्र राहतात. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कोणावर? ज्यांच्यावर ओरडायचं त्या आता व्हर्जिनियात, जर्मनीत आणि कुठे कुठे असतील, बहुधा नव्या गावाला पियानो देत.

"तुम्हाला खरोखर काय हवंय?" मी विचारलं. "खरं सांगा. ज्याला दाखला लागणार नाही असं काही."

गुशिकेनबाईंनी त्या हातोड्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाचवा माणूस."

मागच्या अंगणात त्यांचा गेटबॉलचा संघ होता. लाकडी हातोडीने चेंडू छोट्या कमानींतून काढायचा खेळ. संघात पाच जण लागतात. पाचव्या आजोबांचा गुडघा जानेवारीत गेला होता आणि तेव्हापासून चौघांचा खेळ बंद पडला होता. चौघं रोज हातोड्या पुसून पियानोवर परत ठेवत.

मी दिवाणखान्यात परत आलो. स्टबलफिल्डबाई डोळे पुसत पांढऱ्या पियानोशेजारी उभ्या होत्या. "लाइल," त्यांनी माझा हात धरला, "मे महिन्यात आमची बदली. तीन वर्षांत माझ्या हातून झालेलं हे एकच काम असं आहे, जे मागे राहील."

राहील, बाई, नक्की राहील. मी म्हणालो, "हो. फार छान झालं." आयुष्यात सिद्ध न करता केलेलं माझं ते पहिलं विधान.

पुढच्या गुरुवारी मी अंगणात हजर झालो. मला वाटलं होतं, भूमिती शिकवलेला माणूस, कोनांचा खेळ, म्हाताऱ्यांना जरा सांभाळूनच घ्यावं लागेल. संघाच्या कप्तान कामे आजी, वय एक्क्याण्णव, उंची माझ्या खिशापर्यंत. माझा पहिला फटका कमान सोडून भोपळ्याच्या वेलात गेला. आजींनी हातोडी माझ्या पोटरीवर टेकवून काहीतरी सुनावलं.

"काय म्हणतात?" मी गुशिकेनबाईंना विचारलं.

"म्हणतात, एवढी उंची दिलीय देवाने, डोळे द्यायला विसरला का?"

दर गुरुवारी मी शिव्या खायला जातो. माझं आडनाव तिथे कोणाच्याही तोंडात बसत नाही, म्हणून त्यांनी सोयीसाठी माझं नाव 'पियानो' ठेवलंय. "पियानो, वाक! पियानो, तिकडे नाही, म्हशीसारखा उभा काय राहिलास!" कमांडर होस्टेटलरांचे ते म्हणून मला तिथे कोणीही ओळखत नाही. रिनाटा एकदा बघायला आली, तर गुशिकेनबाईंनी तिची ओळख 'पियानोंची बायको' अशी करून दिली. ती गाडीत बसेपर्यंत हसत होती. मी गंभीर होतो. पण वाईट वाटलं नाही.

मे महिन्यात मंडळाच्या कपाटातली जुनी सभावृत्तांची वही काढून मी लिहायला बसलो: 'पुढील अध्यक्षांना विनंती, वृद्धाश्रमाला कृपया आणखी पियानो देऊ नये.' जागा शोधायला पानं उलटली, तर सात वर्षांपूर्वीच्या पानावर वळणदार अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: 'देवाशपथ, त्या वृद्धाश्रमाला आता पियानो पुरे.' वहीला वाळवी लागली होती. वाचणारं तेवढं कोणी लागलं नव्हतं. मी खाली फक्त 'सहमत' लिहून सही केली.

जूनमध्ये नव्या अध्यक्षा आल्या, डेल्फीन रूकर नावाच्या, टेक्ससच्या, उत्साहाने नुसत्या ओसंडणाऱ्या. पहिल्याच सभेत त्या उठून म्हणाल्या, "टेकडीखाली म्हणे वृद्धाश्रम आहे. मला एक सुंदर कल्पना सुचलीय!"

"पियानो नको!" मी उभा राहून ओरडलो.

सभा गार झाली. काकडीचं सँडविच कोणाच्या तरी हातातून पडलं.

"बरं," रूकरबाई जपून म्हणाल्या, वेडसर माणसाशी बोलावं तशा. "मग काय द्यायचं, मिस्टर होस्टेटलर?"

"तुमचे गुडघे कसे आहेत?"

गुडघे ठणठणीत होते. माझ्या ओरडण्याचा खुलासा ऐकता ऐकता त्या आधी लाल झाल्या, मग हसल्या, आणि गुरुवारी खेळाचे बूट घालून माझ्याबरोबर आल्या. संघातल्या एका आजोबांना त्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं, तेव्हा जागा रिकामीच होती. मी रूकरबाईंना कामे आजींसमोर उभं केलं आणि गुशिकेनबाईंनी सांगितलं की या मंडळाच्या नव्या अध्यक्षा.

आजींनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. त्यांच्या मागे, फाटकापर्यंत, रस्त्यापर्यंत मान उंचावून बघितलं. मग काळजीने गुशिकेनबाईंना काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" रूकरबाईंनी विचारलं.

गुशिकेनबाई लाजल्या. सांगू की नको असं त्यांचं चाललं होतं. शेवटी म्हणाल्या, "विचारताहेत, या बाईंचा पियानो मागून येतोय का?"